स्वयंघोषित तज्ज्ञाचे गद्य

समीक्षेने काव्य, कथा, कादंबरी आणि नाटक यांच्यापलीकडे पाहू नये असा काही दंडक नाही. जे गद्य असंख्य माणसे रोज वाचतात, ज्याच्या भरवशावर पदरचा पैसा खर्च करतात, आणि ज्याचे अनुकरण करीत करीत स्वतःही लिहू लागतात, त्याची एक लेखनप्रकार म्हणून चिकित्सा करणे हे समीक्षकाचे कर्तव्यच होय, असे आम्ही मानतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन आणि पूर्वी ट्विटर या नावाने ओळखले जाणारे एक्स, या माध्यमांवर ‘समाजमाध्यमतज्ज्ञ’ अशी ओळख स्वतःच स्वतःस देणारा एक वर्ग गेल्या दीड दशकात उदयास आला आहे. त्याचे लेखन हे असे गद्य आहे. ते वाङ्मय नव्हे, असे म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांच्या कार्यकारिणीत आता त्याच गद्यातील वाक्ये ठराव म्हणून मांडली जाऊ लागली आहेत. तेव्हा ते नीट वाचून पाहणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘तज्ज्ञ’ म्हणजे तत् जाणणारा, ‘ते’ जाणणारा. या समासाचे सारे बळ त्याच्या पूर्वपदात आहे. ‘ते’ म्हणजे नेमके काय, हे सांगितल्याखेरीज हा शब्द पोकळ राहतो. मृदातज्ज्ञ माती जाणतो, नेत्रतज्ज्ञ डोळा जाणतो. दोघांनाही आपल्या ‘ते’ची सीमा ठाऊक असते आणि ती सीमा ओलांडून प्रश्न विचारला तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवितात. समाजमाध्यमतज्ज्ञ काय जाणतो? यंत्रामागील गणित जाणतो म्हणावे, तर ते गणित कंपनीच्या कुलपात असते. समाज जाणतो म्हणावे, तर समाजशास्त्राशी त्याचा संबंध क्वचितच आलेला असतो. जाहिरात जाणतो म्हणावे, तर तो स्वतःस जाहिरातदार म्हणवून घेण्यास राजी नसतो. यांपैकी पुष्कळ जण आपले विशेषणही ‘तज्ञ’ असे लिहितात. एक व्यंजन गळाले तर एवढे बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. पण जे गळते ते नेमके ‘तत्’चे शेपूट असते, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

अमेरिकेत २००८ ते २०१२ च्या सुमारास या मंडळींनी स्वतःस ‘गुरू’ म्हणवून घेण्यास आरंभ केला. कोणी ‘निन्जा’ झाला, कोणी ‘इव्हँजेलिस्ट’, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, झाला. पैकी गुरू हा शब्द आपल्याकडून तिकडे गेलेला, आणि आता तो तिकडचा अर्थ घेऊन परत आला आहे. जाताना त्यात शिष्य होता, परत येताना त्याच्या जागी ग्राहक आहे. आपल्या परंपरेत ही उपाधी दुसऱ्याने द्यावयाची असते. सर्वज्ञ हे नाव चक्रधरांस अनुयायांच्या श्रद्धेने लाभले, लोकमान्य ही पदवी लोकांनी बहाल केली. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ साली ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ हे नाव स्वतः धारण केले हे खरे. पण त्या नावाने त्यांनी ज्ञानाचा दावा सांगितला नव्हता, बांधिलकी सांगितली होती, आणि ती पाळली की नाही हे वाचकास प्रत्येक पत्रात पडताळून पाहता येत होते.

आता या गद्याची घडण पाहावी. त्यातील परिच्छेद एका वाक्याचा असतो, आणि वाक्य बहुधा पाचसहा शब्दांचे. प्रारंभी एक आकडा किंवा एक धक्का असतो: अमुक महिन्यांपूर्वी माझ्या खिशात दमडी नव्हती, आज मी अमुक आहे. त्यानंतर एक छोटासा कबुलीजबाब येतो, पण तो असा बेतलेला की कबूल केलेला दोषही अखेर गुणच ठरावा. पुढे पाच किंवा सात ‘सूत्रे’ येतात. ती आज्ञार्थी असतात, आणि इतकी सर्वसाधारण असतात की त्यांच्या उलट बाजूचे सूत्रही तितकेच शहाणपणाचे वाटेल. ‘सातत्य ठेवा’, ‘अस्सल राहा’, ‘वाचकास मूल्य द्या’. शेवटी, हवे असल्यास खाली अमुक शब्द लिहा, म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमाची माहिती पाठविली जाईल, अशी विनंती. पुराव्यादाखल एखाद्या चढत्या आलेखाचे छायाचित्र जोडलेले असते. त्याच्या अक्षांवर काय मोजले आहे ते बहुधा दिसत नाही.

आपल्याकडे स्तोत्राच्या अंती फलश्रुती येते. पाठ केल्याने धन मिळेल, विद्या मिळेल, संकटे टळतील, असे आश्वासन देण्याची ती जागा. परंतु फलश्रुतीच्या आधी स्तोत्र असते, त्यात देवतेचे वर्णन असते, रचना असते, कधीकधी उत्तम काव्यही असते. स्वयंघोषित तज्ज्ञाच्या गद्यात आरंभापासून अखेरपर्यंत फलश्रुतीच आहे. स्तोत्राचा पत्ता नाही. रसाच्या परिभाषेत बोलावयाचे तर वरवर पाहता हा उत्साहाचा आविष्कार भासतो, पण त्याचा खरा स्थायिभाव भय आहे. आपण मागे पडत आहोत, जग पुढे निघून गेले, आजच शिकले नाही तर उद्या आपल्याला कोणी ओळखणार नाही, ही भीती आधी जागवावयाची आणि मग तिच्यावर उतारा विकावयाचा. जुन्या मासिकांच्या मागील पानांवर धातुपुष्टीच्या गोळ्यांच्या ज्या जाहिराती येत त्यांचा घाट याहून वेगळा नव्हता. श्रीपाद कृष्णांचा बंडूनाना किंवा आमच्या बडोद्याच्या चिं. वि. जोशींचा चिमणराव यांच्या दारात हा मनुष्य आला असता तर त्यांनी त्याला चहा पाजला असता, त्याचा अभ्यासक्रम विकत घेतला असता, आणि मराठीस एक फर्मास प्रकरण मिळाले असते.

शैलीपेक्षा गंभीर दोष तर्कातला आहे. या तज्ज्ञाच्या ज्ञानाचे प्रमाण कोणते? त्याचे अनुयायी. अनुयायी कशामुळे मिळाले? अनुयायी कसे मिळवावेत हे सांगितल्यामुळे. न्यायशास्त्रात यास अन्योन्याश्रय म्हणतात. नट कितीही कसलेला असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, हा शास्त्रकारांचा दृष्टांतही येथे चपखल बसतो. आणि जे प्रमाण म्हणून पुढे केले जाते त्याची अवस्था काय आहे तेही पाहण्याजोगे आहे. २००८ साली अमेरिकेत क्लाउट नावाची एक कंपनी निघाली. ती प्रत्येक माणसाच्या प्रभावास १ ते १०० यांमधील गुण देई. काही काळ जस्टिन बीबर या कुमारवयीन गायकाचा गुणांक अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांच्यापेक्षा अधिक होता. यावरून लोकांनी मापकाविषयी शंका घ्यावी, ते न करता अनेकांनी आपला गुणांक परिचयपत्रात नोंदविण्यास प्रारंभ केला. २५ मे २०१८ रोजी क्लाउट बंद पडली, आणि त्या गुणांवर उभी असलेली प्रतिष्ठा एका दिवसात निराधार झाली.

निळ्या खुणेची कथा याहून बोधप्रद आहे. २००९ साली टोनी ला रूसा या बेसबॉल व्यवस्थापकाने आपल्या नावाने कोणी तोतया लिहितो म्हणून ट्विटरवर दावा केला, आणि त्याच वर्षी ट्विटरने खऱ्या माणसांच्या नावांपुढे पडताळणीची खूण देण्यास सुरुवात केली. तिचा अर्थ एवढाच होता की हा मनुष्य तोच आहे. लोकांनी तिचा अर्थ असा केला की हा मनुष्य मोठा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या मालकाने ती खूण दरमहा ८ डॉलरला कोणासही देऊ केली. लगेच कोणीतरी एली लिली या औषधकंपनीच्या नावाने खाते उघडून, खूण विकत घेऊन, इन्सुलिन आता फुकट मिळेल असे जाहीर केले, आणि खऱ्या कंपनीस लोकांची क्षमा मागावी लागली. त्याआधीच, जानेवारी २०१८ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने देवुमी नावाच्या कंपनीचा व्यवहार उघडकीस आणला होता. ती अनुयायी विकत असे. त्या वृत्तानुसार तिने गिऱ्हाइकांस पुरविलेल्या ट्विटर-अनुयायांची संख्या २० कोटींहून अधिक होती. गिऱ्हाइकांत नट होते, खेळाडू होते, आणि या क्षेत्रातील तज्ज्ञ म्हणविणारेही होते. ज्याच्या पायावर तज्ज्ञता उभी, तो पायाच बाजारात किलोवर मिळत होता.

तरीही एखादा म्हणेल की खुणा आणि आकडे खोटे असतील, पण काय लोकप्रिय होईल हे सांगण्याची कला तर खरी असेल. या प्रश्नाची एक प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी कोलंबिया विद्यापीठात केलेला हा प्रयोग २००६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चौदा हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे त्यांनी अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवली. काहींना इतरांनी काय निवडले ते मुळीच दिसत नव्हते. उरलेल्यांचे आठ स्वतंत्र समूह केले होते आणि प्रत्येक समूहातील श्रोत्यास आपल्याच समूहातील आधीच्यांची निवड दिसत होती. गाणी तीच, श्रोते त्याच प्रकारचे. परंतु आठ समूहांत आठ वेगळ्या क्रमवारी तयार झाल्या. अतिशय चांगले गाणे सहसा तळाला गेले नाही, अतिशय वाईट गाणे सहसा वर आले नाही. पण मधल्या साऱ्या गाण्यांचे नशीब प्रत्येक समूहात निराळे निघाले. इतरांची निवड जितकी ठळक दाखविली तितकी ही अनिश्चितता वाढली.

साहित्याच्या अभ्यासकास या निष्कर्षात विशेष स्वारस्य असावयास हवे. गुणवत्तेस काहीच अर्थ नाही, सारे नशीब, असे या प्रयोगाने म्हटलेले नाही; ते म्हणणे आळशीपणाचे होईल. गुणवत्ता टोकांना धरून ठेवते. मध्ये जो विस्तीर्ण प्रदेश आहे, ज्यात आपणा बहुतेकांचे लेखन मोडते, तेथे आधी कोणी टाळी वाजविली यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि पहिली टाळी कोण वाजवील हे आगाऊ सांगता येत नाही. यश मिळाल्यानंतर त्याची कारणे सांगणे सोपे. आठ समूहांपैकी कोणत्याही एका समूहातील पहिले गाणे घ्यावे, आमचा तज्ज्ञ त्याच्या यशाची सात सूत्रे हजर करील. आणि दुसऱ्या समूहात तेच गाणे तिसावे आले असते तर अपयशाची सात सूत्रेही त्याच्याकडे तयार असती. समीक्षेतही हा दोष आहे, हे येथे म्हटले पाहिजे. लोकप्रिय कादंबरीची लोकप्रियता तिच्या गुणांतून अपरिहार्यपणे निघाली असे सिद्ध करणारे प्रबंध मराठीत थोडे नाहीत.

आणखी एक प्रकरण थोडक्यात. २०१५ च्या सुमारास ‘आता लेखन संपले, चलच्चित्रांचे युग आले’ असे या वर्गाने एकमुखाने सांगण्यास सुरुवात केली. आधार होता फेसबुकचे आकडे. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने स्वतःच मान्य केले की चित्रफीत पाहण्याचा सरासरी वेळ दोन वर्षे फुगवून सांगितला जात होता, कारण तीन सेकंदांहून कमी वेळ पाहणारे हिशेबातूनच वगळले होते. जाहिरातदारांनी भरलेला दावा कंपनीने २०१९ साली ४ कोटी डॉलर देऊन मिटविला. मधल्या काळात, २०१७ साली, एमटीव्ही न्यूज आणि फॉक्स स्पोर्ट्स यांच्या जालावरील लेखक-संपादकांना चित्रफितींसाठी जागा करून देण्याकरिता घरी पाठविण्यात आले होते. मुहूर्त काढणाऱ्यांचे पंचांगच चुकले होते. पण ज्यांचे संसार त्या मुहूर्तावर मोडले त्यांच्याकडे कोणताही तज्ज्ञ परत फिरकल्याचे आमच्या वाचनात नाही.

या साऱ्यावरून, या माध्यमांत जाणण्यासारखे काहीच नाही असे आम्ही म्हणत असल्याचा ग्रह होऊ नये. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. छायाचित्रास योग्य मथळा देणे, ठरावीक वारी ठरावीक मजकूर नेमाने टाकणे, टीकेस सभ्यपणे उत्तर देणे, जाहिरातीचा पैसा कोठे गेला याचा हिशेब ठेवणे, एखाद्या ग्रंथालयाचे कार्यक्रम तरुणांपर्यंत पोहोचविणे ही खरी कौशल्ये आहेत आणि ती शिकता येतात. ती ज्यांस येतात ते बहुधा थोडे बोलतात. ‘गेल्या महिन्यात हे चालले, पुढच्या महिन्यात चालेल की नाही सांगता येत नाही’ असे म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रक्रम देण्याचे जाहीर केले तेव्हा संस्थांच्या पानांविषयीची आधीची बरीचशी सूत्रे निकामी झाली. ज्या विद्येची पाटी दुसरा कोणी न विचारता पुसून टाकतो, तिचा जाणकार नम्र असणे हे सौजन्य नव्हे, ते त्या विद्येचे लक्षणच आहे.

तसेच आमचा आक्षेप पदवी नसण्यास नाही. स्वयंशिक्षित आणि स्वयंघोषित यांत महदंतर आहे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यास आले ते काही इतिहासकार म्हणून नव्हे. राजपुत्रांना शिकविताना त्यांनी जी टिपणे काढली त्यांतून रियासतीचा प्रपंच उभा राहिला, आणि पुढे पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादकत्वाखाली निघाले. ‘रियासतकार’ हे नाव ग्रंथामागून आले. राजवाड्यांचे उदाहरण आम्हांस याहूनही महत्त्वाचे वाटते. त्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या पुढील अभ्यासकांनी स्वीकारल्या नाहीत. त्यांच्या विधानांत धाडस होते, क्वचित आततायीपणाही होता. परंतु ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या २२ खंडांत त्यांनी मूळ कागद छापून वाचकाच्या हाती दिले. त्यांना खोडून काढण्याची सामग्री त्यांनीच पुरविली. तज्ज्ञ चुकतो की नाही हा प्रश्नच नव्हे. तो चुकला हे आपणांस कळण्याची सोय त्याने ठेवली आहे काय, हा प्रश्न आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी निराळा समास राखून ठेवला. न पढता पढतमूर्ख होण्याची युक्ती त्यांच्या काळी निघालेली नव्हती.

आपल्या देशात या प्रश्नाकडे कायद्याचे व नियमांचे लक्ष थोडे वळले आहे. जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३ मध्ये असे सांगितले की आरोग्य आणि अर्थव्यवहार यांविषयी सल्ला देणाऱ्या प्रभावकांनी आपली अर्हता असावी आणि ती प्रकट करावी. सेबीने २०२४ साली नोंदणीकृत दलाल आदी संस्थांना, नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. जेथे माणसाचा जीव किंवा ठेव जाते तेथे हे योग्यच झाले. ज्याचे नुकसान मोजता येत नाही त्या भाषेच्या आणि वाङ्मयाच्या क्षेत्रात मात्र असा पहारेकरी नेमता येणार नाही, आणि नेमला तर तो आम्हांसच नकोसा होईल. तेथे पहारा वाचकाने आणि संपादकाने करावयाचा आहे.

म्हणूनच आमच्या संस्थांचा प्रश्न कळीचा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी, कोठेही जा, स्थिती थोड्याफार फरकाने एकच आहे. जुने वर्गणीदार थकले, नवी पिढी घरी मराठी बोलते पण वाचत नाही, गंगाजळी तुटपुंजी. अशा वेळी कोणी येऊन सांगतो की तुमची पोहोच वाढवून देतो, तेव्हा नाही म्हणणे कठीण जाते. आमच्या परिचयाच्या एका संस्थेने असा प्रयोग केला. अनुयायी भराभर वाढले. वर्गणीदार वाढले नाहीत. वाढलेल्या अनुयायांतील पुष्कळांची नावे अशा देशांतील होती की जेथे देवनागरी लिपी कोणी पाहिलीही नसावी. हा पैशाचा तोटा भरून निघेल. खरे नुकसान निराळे झाले. तज्ज्ञाच्या सूचनेवरून दीर्घ लेख बंद करण्यात आले, समीक्षेऐवजी सुविचार आले, आणि एका वयोवृद्ध कवीस आपली कविता चार ओळींत बसविण्याची विनंती करण्यात आली. त्यांनी ती परत मागवून घेतली. संपादकाचा निर्णय एकदा आलेखाच्या हाती गेला की पुन्हा मागून घेणे इतके सोपे नसते. जी संस्था आपल्या वाचकास आधी ओळखत होती, नावानिशी, पत्त्यानिशी, त्याला काय आवडत नाही हेही जाणून, ती आता त्याला आकड्याच्या रूपाने ओळखू लागली.

वाचक वाढविण्याच्या विद्येत तज्ज्ञ बोलाविणे ही बडोद्यास नवी गोष्ट नव्हे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांस राज्यातील ग्रंथालयांची उभारणी करण्यासाठी आणले. बॉर्डन यांना ना गुजराती येत होती ना मराठी, आणि वाचक कसा असतो हे आपणांस ठाऊक आहे असे सांगून त्यांनी कामास प्रारंभ केला नाही. त्यांनी पुस्तके वर्गवारीने लावली, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालये धाडली, आणि १९११ साली येथील तरुणांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला. सुमारे तीन वर्षांनी ते स्वदेशी परतले. ते गेल्यावर काम थांबले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्या येथल्याच माणसांनी ते पुढे चालविले, आणि त्या चळवळीचा वृत्तांतही कुडाळकरांनीच १९१९ साली ग्रंथरूपाने लिहिला. आज एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीपुढे समाजमाध्यमतज्ज्ञाचा प्रस्ताव येईल तेव्हा, तीन वर्षांनी तो निघून गेल्यावर आमच्यापैकी कोणास काय करता येऊ लागेल, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. आणि पत्रिकेत काय छापावयाचे हा विषय त्या करारात मुळीच असू नये.